दुखावलेल्या भावनांचे कलम

१८६० सालची भारतीय दंडसंहिता १ जुलै २०२४ रोजी निवृत्त झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. गुलामगिरीच्या काळातील कायद्याचे जोखड आपण फेकून दिले, असा गाजावाजा त्या वेळी पुष्कळ झाला. परंतु बिऱ्हाड हलविताना जुन्या घरातील एखादी पेटी न उघडताच गाडीत चढवावी, त्याप्रमाणे जुन्या संहितेतील कलम २९५-अ हे नव्या संहितेत २९९ हा क्रमांक धारण करून जवळजवळ जसेच्या तसे येऊन बसले. नागरिकांच्या कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावनांवर आघात करण्याच्या बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने त्यांच्या धर्माचा वा धर्मश्रद्धांचा शब्दाने, लेखाने, चिन्हाने, चित्राने किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने जो अपमान करील, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, असा त्याचा आशय आहे. आमच्या देशात ईशनिंदेचा कायदा नाही, असे आपण जगाला अभिमानाने सांगतो. हे सांगणे अर्धेच खरे आहे. कायदा आहे; त्याचे नाव तेवढे निराळे आहे. देवाची निंदा हा आपल्याकडे गुन्हा नाही, देवभक्ताची भावना दुखावणे हा गुन्हा आहे. व्यवहारात या दोहोंमधील अंतर किती उरते, आणि अशा कलमाला आधुनिक समाजात जागा असावी काय, हा आजचा आमचा विषय आहे. जागा नसावी, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न केवळ दिल्लीच्या विधिज्ञांनी सोडवावा असा नाही. त्याची खरी जागा तालुक्याच्या गावी आहे. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव घ्या. सेनगावात अमुक घडले असे आम्ही सुचवीत नाही. परंतु सेनगावसारख्या कोणत्याही गावच्या ठाण्यावर आज काय घडू शकते, हे महाराष्ट्रातील वृत्तपत्रे वाचणाऱ्यास नव्याने सांगावे लागणार नाही. कोणी अठरा-वीस वर्षांचा मुलगा रात्री आपल्या मोबाइलवर एक चित्र किंवा चार शब्दांचे 'स्टेटस' ठेवतो. सकाळपर्यंत ते गावभर फिरते. दुपारी दोनशे माणसे ठाण्यासमोर जमतात, बाजार बंद होतो, आणि 'गुन्हा दाखल झाल्याशिवाय हलणार नाही' अशी घोषणा होते. आतील निरीक्षकासमोर एका बाजूला जमाव असतो आणि दुसऱ्या बाजूला दखलपात्र व अजामीनपात्र असे हे कलम असते. त्याने काय करावे? तो गुन्हा दाखल करतो. त्या क्षणी त्याची सुटका होते. मुलाची पुढे कधीतरी होते.

याच सेनगावच्या शेजारी कयाधूकाठी नर्सी आहे, आणि त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ. नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा मानते. गोरोबाकाकांनी ज्यांना 'कच्चे मडके' ठरविले ते नामदेव गुरूच्या शोधात औंढ्यास गेले, तेव्हा त्यांनी काय पाहिले, ही कथा मराठी घरांत आजही सांगितली जाते. विसोबा खेचर नावाचा एक म्हातारा शिवपिंडीवर पाय ठेवून निजला होता. नामदेवांसारख्या भक्ताच्या मनाला यापेक्षा मोठा धक्का कोणता असणार? त्यांनी त्यास हटकले. म्हातारा शांतपणे म्हणाला की, जेथे देव नाही अशा ठिकाणी माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय हलवीत गेले, आणि जेथे जेथे पाय ठेवावे तेथे तेथे पिंड उभी राहिली. ज्याने आपली भावना दुखावली त्यालाच नामदेवांनी गुरू केले.

आख्यायिकेवरून कायदा करता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही या कथेकडे दंडसंहितेच्या चष्म्यातून एकदा पाहण्यासारखे आहे. विसोबांचे कृत्य चुकून घडलेले नव्हते. ते बुद्धिपुरस्सर होते. भावना दुखावली, याला साक्षीदार होता. तो स्वतः नामदेव. उरला प्रश्न दुष्ट हेतूचा. हेतू दुष्ट नव्हता हे नामदेवांना कळले, कारण त्यांनी आधी विचारले आणि मग ऐकून घेतले. तक्रार आधी आणि विचारणा मागाहून, असा क्रम असता तर विसोबा कोठडीत असते आणि नामदेवांचे मडके कच्चेच राहिले असते. औंढ्याचीच दुसरी कथा सर्वश्रुत आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे हाकलले. त्यांच्या कीर्तनाने देवळाच्या पावित्र्याला बाधा येते, असे त्यांना वाटले. लोकश्रद्धा अशी की, देऊळच फिरले. त्या पुजाऱ्यांची भावना खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. ती खरीच दुखावली असेल. दुखावलेली भावना खरी असते म्हणून ती न्याय्यही असते, असे मात्र ती कथा सांगणाऱ्या समाजाला वाटले नाही.

तुकोबांची गोष्ट याहून कठोर आहे. शूद्राने वेदार्थ सांगितला हा त्यांच्यावरील आरोप होता, आणि आजच्या भाषेत बोलायचे तर तो धर्मभावना दुखावल्याचाच आरोप होता. गाथा इंद्रायणीत गेली. ज्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला तेच पुढे तुकोबांचे अनुयायी झाले, असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुले आणि आगरकर यांच्या वाट्यास काय आले, हे पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. ज्यांनी आपला धर्म धुऊन स्वच्छ केला ते पहिल्या दिवशी समकालीनांना धर्मनिंदकच वाटले. सुधारक कोणता आणि टवाळखोर कोणता, हे ओळखायला समाजाला कधी दहा वर्षे लागतात, कधी शंभर. ठाण्यातील अंमलदाराने ते चोवीस तासांत ओळखावे, अशी या कलमाची अपेक्षा आहे.

हे कलम आले कोठून, हे पाहिले म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. मेकॉलेच्या मूळ आराखड्यावरून १८६० साली जी संहिता झाली तीत पूजास्थानाची विटंबना, धर्मसभेत व्यत्यय, स्मशानातील आगळीक, आणि कोणाच्या तोंडावर मुद्दाम त्याच्या धर्मभावनेला लागेल असे बोलणे, एवढेच गुन्हे होते. लेखनाचा विषय नव्हता. १९२४ साली लाहोरात 'रंगीला रसूल' हे पुस्तक प्रकाशक राजपाल यांनी काढले. प्रेषित महंमदांच्या खाजगी जीवनावरील ते हिणकस लेखन होते, यात शंका नाही. खालच्या न्यायालयांनी राजपाल यांना दोषी ठरविले. परंतु मे १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी, दिवंगत धर्मसंस्थापकावरील टीका हा तेव्हाच्या कायद्याने गुन्हा होत नाही, असे म्हणून त्यांना सोडले. पंजाबात प्रक्षोभ उसळला. सरकार घाबरले आणि त्याच वर्षी २९५-अ हे कलम संहितेत घालण्यात आले. त्या वेळी मध्यवर्ती विधिमंडळात मुंबईचे प्रतिनिधी महंमद अली जिना यांनी, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे आणि इतिहास लिहिणारे या कलमात सापडता कामा नयेत, असे बजावले होते, ही गोष्ट आज त्यांच्या पाकिस्तानने आणि आपणही विसरून जावी, हा काळाचा विनोद आहे. 'बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने' ही शब्दयोजना ठेवली गेली ती याच भीतीपोटी. शिक्षा तेव्हा दोन वर्षांची होती. ती तीन वर्षांची आपण केली, १९६१ साली, स्वातंत्र्यात.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम घटनासंमत ठरविले, तेही याच शब्दांच्या आधाराने. प्रत्येक अपमान गुन्हा नव्हे, दुष्ट हेतूने केलेला उग्र अपमान तेवढा गुन्हा, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. कागदावर हे निर्दोष दिसते. परंतु वाक्याचा सगळा भार एखाद्या विशेषणावर टाकला की ते वाक्य कलते, हे शाळेत मराठी शिकविलेल्या माणसाला लवकर समजते. या कलमाचा सगळा भार 'दुष्ट' या एका शब्दावर आहे, आणि तो शब्द ठाण्यात कोणी वाचीत नाही. तो वाचला जातो न्यायालयात, आणि तोवर वर्षे लोटलेली असतात.

याची महाराष्ट्रातील उदाहरणे फार लांबची नाहीत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. बंदची आवश्यकता काय, असा प्रश्न पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर विचारला. दुसरीने त्याला पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली, आणि पोलिसांनी प्रथम जे कलम लावले ते हेच, २९५-अ! राजकीय नेत्याच्या निधनाचा शोक आणि धर्मश्रद्धा यांतील फरकही ज्या कलमाला राखता आला नाही, त्याने दुष्ट हेतू आणि साधी शंका यांतील फरक राखावा, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. मागाहून कलमे बदलली, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, प्रकरण मिटले. पण एका मुलीच्या नातेवाइकाचे रुग्णालय जमावाने फोडले होते. ते कोणत्या कलमाने भरून निघते?

जानेवारी २०१५ मधील प्रकरण आम्हां वृत्तपत्रवाल्यांना अधिक जिव्हारी लागणारे आहे. पॅरिसच्या 'शार्ली हेब्दो' साप्ताहिकावरील हल्ल्याच्या बातमीसोबत 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीने त्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचे चित्र छापले. संपादिका शिरीन दळवी यांनी दुसऱ्याच दिवशी दिलगिरी प्रसिद्ध केली. तरीही याच कलमाखाली तक्रारी झाल्या, त्यांना अटक झाली, जामीन मिळाला, आणि आवृत्ती बंद पडली. ज्या समाजाची भावना दुखावल्याचे सांगण्यात आले, त्याच समाजातील ही स्त्री आणि त्याच समाजाचे हे पत्र होते. दोन ओळींच्या दिलगिरीने जे मिटायला हवे होते, त्यासाठी एक वृत्तपत्र गेले. त्यात काम करणाऱ्यांच्या पोटाचे काय झाले, हा प्रश्न कोणाच्या भावनेला शिवला नाही.

क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांचे विष्णुरूपातील चित्र एका इंग्रजी नियतकालिकाने २०१३ साली छापले, त्यावरूनही खटला झाला. अजाणता वा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये तो रद्द केला. ज्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येते त्याच्यासाठी हा कायदा चार वर्षांत शहाणा होतो. सेनगावच्या मुलाने ती वाट कशी चालावी? या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घेण्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते, असे संरक्षण कायद्यात आहे. परंतु मंजुरी लागते ती खटल्याला, अटकेला नव्हे. म्हणजे ज्या टप्प्यावर माणूस अडकतो त्या टप्प्यावर कुलूप नाही, आणि जेथे तो आधीच होरपळून पोहोचलेला असतो तेथे कुलूप आहे.

आता दुसरी बाजू. ती क्षुल्लक नाही, आणि तिची थट्टा करणाऱ्यांशी आमचे जमत नाही. असे म्हणतात की, हा देश युरोप नव्हे; येथे एका शब्दावरून दंगल पेटते, आणि दुखावलेल्या माणसाला कायद्याने वाट दिली नाही तर तो सुरी हातात घेईल. १९२७ सालचा युक्तिवाद नेमका हाच होता. त्याचे पुढे काय झाले? कलम आले तरी राजपाल यांचा खून व्हायचा राहिला नाही. एप्रिल १९२९ मध्ये लाहोरात त्यांना भोसकण्यात आले, आणि मारेकरी त्याच वर्षी फासावर गेला. कायद्याने सुरीला वाट दाखविली नाही. सुरीने आपली वाट आपणच शोधली. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१३ मध्ये अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात भर रस्त्यावर खून झाला, तेव्हा हे कलम शाबूत होते. मे २०२३ मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल झाली आणि एकाचा बळी गेला; त्याही वेळी ते होतेच. किंबहुना आमची शंका याहून पुढची आहे. जेवढा मोठा जमाव तेवढा लवकर गुन्हा दाखल, हा अनुभव एकदा आला की पुढच्या वेळी मोठा जमाव जमविला जातो. भावना किती दुखावली हे मोजण्याचे दुसरे माप या कलमाजवळ नाही. डोकी मोजणे एवढेच माप त्याच्याजवळ आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. धर्माची निंदा ही पुष्कळदा धर्माची नसतेच; ती त्या धर्माच्या दुबळ्या माणसांना खिजविण्यासाठी, त्यांच्या वस्तीवर दगड पडावेत यासाठी केलेली असते. अशा वेळी त्यांनी कोणाकडे पाहावे? हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही निरुत्तर करू इच्छीत नाही, कारण तो बरोबर आहे. परंतु माणसांविरुद्ध वैर पेटविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि न्याय संहितेचे कलम १९६ त्यासाठीच आहे. देवळाची, मशिदीची, दर्ग्याची, विहाराची विटंबना हा कलम २९८ खाली गुन्हा आहे. ही कलमे राहिली पाहिजेत, आणि ती पक्ष वा धर्म न पाहता लावली गेली पाहिजेत. आज ती तशी लावली जात नाहीत, हे त्या दुबळ्या माणसाचे खरे गाऱ्हाणे आहे. शेजाऱ्याचे घर जाळा असे सांगणे, आणि शेजाऱ्याचा देव मला पटत नाही असे, भले उद्धटपणाने, सांगणे, या दोन गोष्टी आहेत. कलम २९९ त्या दोन्ही एकाच गाठोड्यात बांधते.

एकाच संहितेच्या दोन वारसांनी काय केले, तेही पाहावे. पाकिस्तानात हेच २९५-अ होते. १९८२ साली त्याला २९५-ब आणि १९८६ साली २९५-क जोडले गेले. शेवटच्याची शिक्षा मृत्यू. आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईला २०१० साली फाशी सुनावण्यात आली. तिच्या बाजूने बोलणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर जानेवारी २०११ मध्ये स्वतःच्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांना बळी पडले. ती निर्दोष सुटली ती २०१८ साली. ज्या इंग्रजांनी आपल्याला हे कलम दिले त्यांनी स्वतःच्या देशातील धर्मनिंदेचा गुन्हा २००८ साली काढून टाकला. आयर्लंडने २०१८ साली लोकमताने तो घटनेतून काढला. डेन्मार्कने २०१७ साली कायदा रद्द केला, पण २०२३ च्या अखेरीस धर्मग्रंथ जाहीरपणे जाळण्यावर नव्याने बंदी घातली. म्हणजे तेथेही हा प्रश्न सुटला आहे असे कोणी समजू नये.

आपल्या देशाचे पाऊल कोणत्या दिशेने पडत आहे, हे पंजाबात दिसते, आणि येथे गोष्ट पुन्हा नर्सीला येऊन पोहोचते. नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहेबात आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य होते, म्हणून २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंजाबात बरगाडी येथे ग्रंथसाहेबाची विटंबना झाली. निदर्शकांवरील गोळीबारात दोघे मेले. तो संताप समजण्यासारखा होता. परंतु त्यातून निघाले काय? ग्रंथविटंबनेस जन्मठेप देणारे विधेयक २०१८ साली तेथील विधानसभेने मंजूर केले, आणि त्याच हेतूचे नवे विधेयक जुलै २०२५ मध्ये पुन्हा मांडण्यात आले. पिंडीवर पाय ठेवणाऱ्याला ज्याने गुरू केले, त्याचे शब्द ज्या ग्रंथात आहेत, त्या ग्रंथाच्या रक्षणासाठी जन्मठेप!

महाराष्ट्रानेही फार शहाणपणाचा दावा करू नये. तुकोबांवरील 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून २००९ साली आनंद यादव यांना कादंबरी मागे घ्यावी लागली आणि महाबळेश्वरच्या संमेलनाचे अध्यक्षपदही सोडावे लागले. वारकऱ्यांचा आक्षेप ऐकण्याजोगा होता. चरित्राला आधार काय, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्याचे उत्तर लेखाने व्हायला हवे होते, शरणागतीने नव्हे. याउलट १९८७ साली राज्य शासनाने प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम' वरून केवढे रण माजले होते, ते आठवावे. राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून एका बाजूने मोर्चे निघाले, ग्रंथाची होळी झाली. दुसऱ्या बाजूने मुंबईत विराट मोर्चा निघाला. अखेर त्या मतांशी शासन सहमत नाही अशी एक टीप छापली गेली आणि ग्रंथ राहिला. कोणी तुरुंगात गेले नाही. ज्यांना राग आला त्यांचा राग टिपेत नोंदला गेला आणि ज्यांना वाचायचे त्यांना वाचायला मिळाले. एवढ्या मोठ्या वादाला जी टीप पुरली, ती एखाद्या 'स्टेटस'ला का पुरू नये?

तेव्हा संसदेने कलम २९९ रद्द करावे, अशी आमची मागणी आहे. ती उद्या मान्य होईल अशा भ्रमात आम्ही नाही; भावना हे आपल्याकडील सर्वच पक्षांचे भांडवल आहे. परंतु तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) अन्वये, अशा गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करून मगच गुन्हा नोंदविण्याची सोय आहे. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरून गुजरातेत नोंदलेला गुन्हा रद्द करताना न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांनी २८ मार्च २०२५ रोजी, शब्दांशी संबंधित गुन्ह्यांत ही सोय पोलिसांनी वापरली पाहिजे, असे स्पष्ट सांगितले आहे. चौदा दिवस हा काळ थोडा नाही. तेवढ्यात जमाव घरी जातो, मजकूर कोणी लिहिला, का लिहिला, त्याच्या आधी आणि नंतर काय आहे, हे कोणीतरी शांतपणे वाचतो. ठाण्यासमोर दोनशे माणसे उभी असताना निरीक्षकाला दाखविता येईल असा लेखी हुकूम त्याच्या हाती हवा, एवढेच. तो राज्याच्या गृहखात्याने काढायचा आहे, आणि त्यासाठी संसदेचे अधिवेशन भरण्याची वाट पाहावी लागत नाही.